भोंग्याला सात दिवसांची बंदी

बसलिंगप्पांनी सकाळचा दुसरा चहा ओठाला लावला, दुसऱ्या हातानं मोबाइल उघडला आणि चहा तसाच खाली ठेवला. पडद्यावर लाल चौकटीत मजकूर उभा होता, 'आपण समूहाच्या नियम क्रमांक चारचा भंग केला आहे. आपणांस सात दिवस लिहिण्यास बंदी करण्यात येत आहे. आपण वाचू शकाल.'

त्यांनी चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा वाचलं. मजकूर तोच.

"काव्या! ए काव्या! हितं ये जरा. ह्यो मोबाइल मला गप बस म्हणतोय!"

काव्या म्हणजे त्यांची सून. शाळेत शिकवायला निघाली होती, एका हातात डबा, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. तिनं वाकून वाचलं. "अप्पा, तुम्हाला बॅन केलंय."

"म्हंजे?"

"सात दिवस गटावर काही बोलायचं नाही."

स्वयंपाकघरातून सुंदरम्मांचा आवाज आला, "सात दिवस गप? आमच्या ह्यांना? अहो, कोण हाय त्यो देवमाणूस? त्याला एकदा जेवायला तरी बोलवा की!"

बसलिंगप्पांना हसू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गटावर काही लिहिलं होतं. कालची सगळी दुपार त्यात गेली होती. एक एक अक्षर शोधायचं, दाबायचं, चुकलं की पुसायचं. काना दिला तर वेलांटी पुसली जायची. एवढं करून सहा ओळी झाल्या, त्या पाठवून फोन ठेवून दिला, आणि सकाळी उघडला तर ही लाल चौकट. त्यांचं लिखाण कुणाच्या नजरेसही पडलं नव्हतं.

आता ह्या गटाबद्दल सांगायला पाहिजे. गटाचं नाव 'गेलं ते सोलापूर'. जे जे गेलं त्याचे फोटो इथं टाकायचे आणि खाली सगळ्यांनी मिळून हळहळायचं. जुनी थिएटरं, जुने टांगे, कुणाच्या तरी मुंजीत टोपी घालून बसलेली पोरं. पुण्या-मुंबईला गेलेले, अमेरिकेत गेलेले आणि सोलापुरातच राहून म्हातारे झालेले असे सगळे सोलापूरकर तिथं पडीक असायचे. बसलिंगप्पा वर्षभर नुसते वाचायचे, अंगठा दाखवायचे आणि डोळे पुसायचे. लिहायची कधी गरजच पडली नव्हती.

गरज पाडली नागप्पानं.

बसलिंगप्पा गिरणीच्या बॉयलरखान्यात होते. त्यांचं काम एकच, पण सगळ्या गावाला पुरून उरणारं. ते गिरणीचा भोंगा वाजवायचे. पहिला भोंगा उठायचा, दुसरा निघायचा, तिसरा झाला की गेट बंद. ह्या तीन भोंग्यांवर अर्धं सोलापूर चालायचं. गिरणीत नसलेली माणसंही भोंग्यावर दाढी करायची, भोंग्यावर दूध तापवायची. घड्याळ भिंतीवर असायचं ते शोभेला. लोक भोंगा ऐकून घड्याळ लावायचे आणि बसलिंगप्पा वेळ बघून साखळी ओढायचे. कुठं लग्नकार्यात कुणी ओळख करून दिली की "हे भोंगेवाले बसलिंगप्पा" असं म्हटलं जायचं आणि यजमान पाट सरकवायचे. मग गिरणी बंद पडली. भोंगाही गेला. आणि भोंगेवाले बसलिंगप्पा नुसतेच बसलिंगप्पा झाले.

नागप्पा त्याच बॉयलरखान्यात कोळसा मारायचा. भट्टीच्या तोंडाशी फावडं घेऊन उभा, अंगावर काजळी, तोंडात तंबाखू. माणूस वाईट नव्हता, पण बोलघेवडा. म्हातारपणी तो पुण्याला पोराच्या फ्लॅटवर गेला आणि तिथून गटावर लिहायला लागला. मागच्या आठवड्यात त्यानं लिहिलं, 'गिरणीचा सायरन मीच वाजवत होतो. माझ्या सायरनवर सारे सोलापूर जागे होत असे.' झालं! लोक तुटून पडले. 'धन्य तुम्ही काका', 'आमचं बालपण तुमच्या हातात होतं', फुलं, नमस्कार, रडके चेहरे. आणि त्याखाली व्यवस्थापकांची घोषणा, की येत्या रविवारी गिरणीजवळच्या शाळेच्या सभागृहात गटाचा मेळावा आहे आणि त्यात सायरनवाल्या नागप्पांचा शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्कार होईल.

ते वाचून बसलिंगप्पांच्या हातातली भाकरी ताटात पडली होती. शाली त्यांच्याकडं होत्या तशा तीन. पण भोंगा! आयुष्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, तीही दुसऱ्यानं उचलून नेली, आणि तीही इंग्रजीत.

"अगं पण मी शिवी दिली न्हाई की कुणाला," बसलिंगप्पा काव्याला म्हणाले. "'नागप्पा कोळसा मारायचा, भोंगा मी वाजवायचो' एवढंच लिवलं."

काव्यानं गटाचे नियम उघडले आणि तिला हसू फुटलं. "अप्पा, तोच तर घोळ आहे. मध्यंतरी ते भोंग्यांचं राजकारण तापलं होतं ना? भोंगे वाजवा, भोंगे उतरवा? त्या वेळी गटावर लोक एकमेकांच्या उरावर बसले होते. तेव्हापासून 'भोंगा' हा शब्दच बंद केलाय. कुणी लिहिला की मशीन आपोआप बंदी घालतं."

"पण त्यो भोंगा येगळा! ह्यो येगळा!"

"मशीन शब्द बघतं, अर्थ नाही बघत."

"आन नागप्पा? त्याला कशी न्हाई झाली बंदी?"

"त्यांनी 'सायरन' लिहिलंय."

बसलिंगप्पांनी चष्मा काढून खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे खोटं इंग्रजीत बोललं की चालतंय. खरं मराठीत बोललं की तोंड बंद."

काव्यानं जाता जाता त्यांना दाखवून दिलं की लाल चौकटीच्या खाली 'दाद मागा' असं एक बटण आहे. तिथं आपली बाजू मांडता येते. ती शाळेत गेली आणि बसलिंगप्पा दाद मागायला बसले. ह्या खेपेला ते सावध होते. शुद्धलेखन नीट ठेवलं. 'माननीय व्यवस्थापक यांसी' इथून सुरुवात केली. भोंगा म्हणजे काय, भोंगा किती वाजता, भोंग्याची साखळी कुठं, भोंगा आणि राजकारण यांचा संबंध कसा नाही, हे सगळं पानभर समजावून सांगितलं. बटण दाबलं. दाबता क्षणी नवी लाल चौकट आली. 'आपण नियम क्रमांक चारचा पुन्हा भंग केला आहे. बंदीचे सात दिवस आजपासून नव्याने मोजले जातील.'

"आयला!" बसलिंगप्पा म्हणाले. "कोर्टातपण मलाच मारतंय हे!"

रविवार एका दिवसावर आला होता. सत्कार झाला, फोटो निघाले, ते गटावर चढले, की मग नागप्पाच कायमचा भोंगेवाला. उद्या आपण मेलो तर आपल्या फोटोखाली लोक काय लिहितील? 'नागप्पांच्या हाताखाली होते' असं लिहितील. ह्या विचारानं त्यांचा जीव तीळतीळ तुटायला लागला.

आणि मग त्यांची नजर फळीवर ठेवलेल्या सुंदरम्मांच्या मोबाइलवर गेली.

सुंदरम्माही गटावर होत्या, पण त्यांचा प्रांत निराळा. शेंगाची चटणी उखळात कुटावी की मिक्सरमधून काढावी यावर गेले आठ दिवस तिथं जोरात वाद चालू होता आणि सुंदरम्मा उखळाच्या बाजूनं एकट्या किल्ला लढवत होत्या. दुपारी त्या जरा आडव्या झाल्या. बसलिंगप्पांनी फोन उचलला आणि पुढच्या खोलीत आले. भोंगा लिहायचा नाही, हे त्यांना आता पक्कं कळलं होतं. सायरन लिहायचा तर जीव गेला तरी नाही. मग भोंग्याला दुसरा काय शब्द आहे? विचार करता करता एक साधा, निरुपद्रवी, घरगुती शब्द सापडला आणि ते खुशीत लिहायला बसले.

'नमस्कार. मी सौ. सुंदरम्मा. आमचे मालक रोज पहाटे शिट्टी वाजवायचे. त्यांची शिट्टी ऐकली की चाळीचाळीतल्या बाया अंथरुणातून उठायच्या. कित्येक जणी केस न विंचरता धावत यायच्या. पण आमचे मालक कुणासाठी थांबायचे नाहीत. तिसऱ्या शिट्टीला दार बंद म्हणजे बंद. नागप्पाची शिट्टी आजवर एकाही बाईने ऐकलेली नाही. मला आमच्या मालकांचा अभिमान वाटतो.'

लाल चौकट आली नाही. मजकूर गेला. बसलिंगप्पांनी समाधानानं मिशीवरून हात फिरवला आणि फोन होता तिथं ठेवून दिला.

पहिलं उत्तर कुणा चैतालीचं आलं. 'ताई, किती सोसलंत तुम्ही!' मग रांगच लागली. 'अशा माणसाचा अभिमान? कमाल आहे.' 'ताई, अजून वेळ गेलेली नाही.' 'माझी आजी एका शिट्टीवाल्याबद्दल सांगायची, तो हाच का?' एकीनं महिला मदत केंद्राचा नंबर दिला. आणि खाली कुणीतरी लिहिलं, 'त्या मानाने नागप्पा अगदी सज्जन गृहस्थ दिसतात. सत्कार योग्य माणसाचा होतोय.'

सुंदरम्मा उठल्या त्या फोनच्या आवाजानं. अक्कलकोटहून त्यांच्या बहिणीचा फोन होता आणि ती रडत होती.

"अक्का, जन्मभर मनात ठेवलीस गं! आमाला एका शब्दानं बोलली न्हाईस!"

"काय बोलली न्हाई? चटणीचं?"

"भावजींचं गं! रोज पहाटे! चाळीतल्या बाया!"

सुंदरम्मांनी फोन ठेवला, गट उघडला आणि वाचलं. सगळं वाचलं. शेवटी त्यांच्या डोळ्यांसमोरही लाल चौकट आली. 'सभासदांच्या तक्रारींवरून, असभ्य मजकुराबद्दल, आपणांस सात दिवस बंदी.'

त्या पुढच्या खोलीत आल्या तेव्हा बसलिंगप्पा पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. पेपर उलटा होता.

"अहो, गावभर माझी अब्रू गेली ते जाऊ द्या," सुंदरम्मा म्हणाल्या. "चटणीचं मी जिंकत आले होते. आता ती मिक्सरवाली काय बोलंल? पळाली म्हणंल की! आत्ताच्या आत्ता त्या व्यवस्थापकाकडं जावा आन हे निस्तरून या. न्हाईतर संध्याकाळची भाकरी शिट्टी मारून बोलवा, येती का बघू."

व्यवस्थापकाचा पत्ता काव्यानं गटावरच्या घोषणेतून काढून दिला. बसलिंगप्पांच्या मनात व्यवस्थापक म्हणजे कानात गाण्याची बोंडं घातलेला कुणी कालचा पोरगा होता. त्याला कसं झापायचं हे त्यांनी बुधवार पेठेपर्यंत रिक्षात मनाशी घोकलं. पण दार उघडलं ते पांढऱ्या केसांच्या, ताठ पाठीच्या एका बाईंनी. त्या केसरबाई, म्युनिसिपालिटीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, खाली पुस्तकांचं कपाट, आणि टेबलावर झाकून ठेवलेला मोबाइल. बसलिंगप्पांचं झापणं घशातच विरलं आणि त्यांनी चपला नीट जोडीनं काढून ठेवल्या.

"बाई, मी बसलिंगप्पा, सुंदरम्माचा नवरा. तुमी बंदी घातली त्यो."

"शिट्टीवाले?"

"भोंगेवाला!" बसलिंगप्पा कळवळून म्हणाले आणि सगळी हकीकत एका दमात सांगून मोकळे झाले.

केसरबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बसा. पाणी घ्या. पण बंदी उठणार नाही."

"का? आता तर तुमाला कळलं की."

"कळलं. पण भांडणं लागली तेव्हा जो तो हेच म्हणत होता, माझा भोंगा वेगळा. माझ्या सख्ख्या भावालाही मी बंदी घातली. तो अजून राखीला येत नाही. आता तुम्हाला सूट दिली तर तो काय म्हणेल? नियम मलाही आहे. उद्या मी तो शब्द लिहिला तर मशीन मलाही बाहेर काढेल. तसंच लावून घेतलंय मी."

"बाई, मशीनला कळत न्हाई ते ठीक. पण तुमाला कळतंय की! कळणाऱ्या माणसानं मशीनवानी वागायचं, ह्यो कुठला न्याय? फाशी देताना पण इचारत्यात, काय बोलायचंय का म्हणून. माझी ओळ एका माणसानं तरी वाचली का? दार लावून मोकळे झालात."

केसरबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "तुम्ही खरंच ते भोंगेवाले असाल," त्या सावकाश म्हणाल्या, "तर मग ऐका. माझी आई गिरणीत होती, रिळं भरायच्या खात्यात. मी चौथीत असताना एकदा तापानं फणफणले होते. मला शेजारणीकडं ठेवून ती धावत सुटली. गेटाशी पोचली आणि तिसरा भोंगा वाजला. दार बंद. ती किती रडली, किती सांगितलं, पोरगी आजारी आहे म्हणून. तेव्हा कुणी विचारलं होतं का तिला, काय बोलायचंय? तिची दाद कुणी घेतली होती का, बसलिंगप्पा?"

बसलिंगप्पांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. अशी किती माणसं गेटाबाहेर राहिली असतील, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता असं नाही. तो त्यांनी करायचा टाळला होता.

"बॉयलरखान्याला एक खिडकी होती, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "तिथनं गेट दिसायचं. मी कधी बगितलं न्हाई तिकडं. घड्याळाकडंच बगायचो. गेटाकडं बगितलं असतं तर साखळी ओढायला हात उचललाच नसता."

केसरबाईंनी त्यांचा पेला पुन्हा भरला. मग त्यांनी विचारलं, "पण तुम्हीच ते, हे मी कशावरून मानू? नागप्पाही तेच सांगतात."

"कागद न्हाई माझ्याकडं. गिरणीनं कसला कागद दिलाय? एकच हाय," असं म्हणून बसलिंगप्पा उठले. त्यांनी छाती भरून घेतली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि तिसरा भोंगा दिला.

आता ऐंशीला टेकलेल्या माणसाच्या छातीतून काय आवाज निघणार, असं तुम्हाला वाटेल. पण तो खालून जो चढत गेला, खोलीभर भरला, कपाटाच्या काचा थरथरल्या, समोरच्या घरातली माणसं दारात आली, आणि अगदी शेवटी, सुटता सुटता, तो किंचित वाकडा झाला आणि थांबला.

आतल्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज आला.

"केसर! अगं डबा दे की माजा! तिसरा झाला, तिसरा!"

दारात एक म्हातारी उभी होती. पदर कमरेला खोचलेला, एका पायात चप्पल, डोळे झोपेनं जड. नव्वदीच्या घरातल्या ह्या फुलाबाई, केसरबाईंच्या आई.

"आई, अगं गिरणी बंद होऊन जमाना झाला," केसरबाई धावत जाऊन त्यांना धरत म्हणाल्या.

"ठावं हाय मला. मी काय येडी हाय व्हय?" फुलाबाई धापा टाकत म्हणाल्या. "मी न्हाई उठले. पाय उठले." मग त्यांची नजर बसलिंगप्पांवर गेली. त्यांनी डोळे बारीक केले. "शेवटाला वाकडा झाला. तसाच व्हायचा. तूच काय रं त्यो?"

"व्हय, आक्का. साखळी सोडताना वाफ अडकायची."

"तुजा मुडदा बशिवला तुजा!" फुलाबाई एवढ्या जोरात ओरडल्या की दारातली शेजारीण मागं सरली. "किती येळा भाईर ठिवलंस रं मला! मिंटभर थांबला असतास तर तुजी काय साखळी झिजली असती? रोज शिव्या घालायची मी तुला. रोज! तोंड बगायला मिळालं न्हवतं कधी, ते आज मिळालं."

बसलिंगप्पांचे डोळे भरून आले. गिरणी सुटल्यापासून इतक्या आपलेपणानं त्यांना कुणी बोललं नव्हतं. "घाला, आक्का," ते म्हणाले. "अजून घाला."

फुलाबाईंनी घातल्या. मग दमल्या आणि लेकीला म्हणाल्या, "च्या टाक ह्याला. साखर घाल दोन चमचं."

चहा झाला. निघताना केसरबाई दारापर्यंत आल्या. "बंदी उठणार नाही म्हणजे नाही," त्या म्हणाल्या. "पण बंदी गटावर लिहायला आहे. सभागृहात तोंड उघडायला नाही. उद्या या."

रविवारी शाळेचं सभागृह खच्चून भरलं. काठ्या टेकत, नातवंडांचा हात धरून, जुन्या गिरणीतली माणसं आली होती. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत नागप्पा बसला होता, फेटा बांधून, गळ्यात झेंडूचा हार. पुण्याला राहून गोरा झाला होता, पण वाळला होता. बसलिंगप्पांना बघताच त्यानं नजर दुसरीकडं फिरवली.

केसरबाईंनी माइक हातात घेतला. सत्कारावर दोघांचा दावा आहे, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. सभागृहात कुजबूज सुरू झाली. गटावर लिहिलंय ते खोटं कसं असेल, असं एक जण म्हणाला. शिट्टीवाला तो हाच, असं दुसरी म्हणाली आणि सुंदरम्मांनी मागं वळून तिच्याकडं असं बघितलं की ती पुढं काही बोलली नाही. पहिल्या रांगेतून फुलाबाई ओरडल्या, "दोगांनी वाजवा. आमी सांगतो."

नागप्पानं माइक तोंडाशी धरून प्रयत्न केला. कुकरची शिट्टी व्हावी तसं काहीतरी झालं आणि पोरं हसली. मग बसलिंगप्पा उठले. माइक त्यांनी बाजूला सारला. छाती भरून घेतली आणि हवेतल्या हवेत साखळी ओढली.

आवाज चढायला लागला आणि सभागृहातली पांढरी डोकी एकामागून एक उभी राहिली. कुणीही उठा म्हटलं नव्हतं. एक जण खुर्चीखाली हात घालून डबा चाचपू लागला. एका म्हातारीनं केस बांधले. पण अर्ध्यावर बसलिंगप्पांचा श्वास तुटायला लागला, आवाज खाली यायला लागला, आणि तेवढ्यात व्यासपीठावरची खुर्ची धाडकन मागं पडली. हार उडवत नागप्पा उभा राहिला होता. दोन्ही हातांनी हवेत फावडं मारत तो गळा फाडून ओरडत होता,

"धर बे बसलिंग्या, सोडू नको! वाफ उतरली! मी कोळसा मारतो, तू वड!"

बसलिंगप्पांनी ओढला. शेवटपर्यंत ओढला. भोंगा वाकडा झाला आणि थांबला.

सभागृहातल्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. मग सगळे मिळून जे हसले, ते किती तरी वेळ थांबेनात. नागप्पा हात तसेच अधांतरी धरून उभा होता. आपण काय बोललो ते त्याला हळूहळू कळत गेलं. त्यानं फेटा काढून हातात घेतला.

"खोटं लिवलं बे मी," तो बसलिंगप्पांना म्हणाला. "पुण्यात कुणी मला काय इचारत न्हाई. सकाळी उठायचं, खिडकीत बसायचं. कोळसा मारायचो म्हणून लिवलं तर दोन जणांनी अंगठा दाखिवला. सायरन लिवला तर लोक काका म्हणाय लागले."

बसलिंगप्पांच्या मनात गेले आठ दिवस ह्या माणसासाठी भरपूर शब्द साठले होते. ते त्यांनी तिथंच सोडून दिले. केसरबाईंनी शाल पुढं केली, तेव्हा त्यांनी ती घेतली आणि नारळ नागप्पाच्या हातात दिला. "ह्यानं कोळसा मारला नसता तर मी काय साखळी चावून वाजवणार होतो?" असं ते म्हणाले. एकच भोंगा होता, पण तो दोघांचा होता, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुचलं.

कार्यक्रम संपला. नागप्पाला संध्याकाळच्या गाडीनं पोराबरोबर पुण्याला परतायचं होतं, गडबडीत त्याचा नंबर घ्यायचा राहून गेला, केसरबाईंकडंही नव्हता, त्यांचं बोलणं सगळं गटावरच झालं होतं. आणि इकडं लोकांना राहवेना. घरी पोचायच्या आत सगळ्यांनी मोबाइल उघडले. 'काय तो भोंगा!' असं पहिल्यानं लिहिलं आणि त्याला लाल चौकट आली. 'भोंगा ऐकून धन्य झालो', लाल चौकट. 'भोंगेवाल्यांना नमस्कार', लाल चौकट. ज्याला बंदी झाली तो काही लिहून इतरांना सावध करू शकत नव्हता, त्यामुळं मागून येणारा प्रत्येक जण हौसेनं तेच लिहीत होता आणि बाहेर पडत होता. शेवटी केसरबाईंनी मेळाव्याचा साग्रसंगीत वृत्तान्त लिहिला. लिहिण्याच्या भरात शीर्षक दिलं, 'अखेर भोंगा वाजला'. मशीननं त्यांनाही बाहेर काढलं. बंदी उठवायचा अधिकार फक्त त्यांचाच होता आणि आता सात दिवस तोही त्यांच्याकडं नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं चुळबुळत घराबाहेर पडली. बोलायला तर भरपूर होतं आणि लिहायची सोय नव्हती. जो तो फिरत फिरत गिरणीच्या जुन्या गेटासमोरच्या चहाच्या गाड्यावर आला. बघतो तर तिथं सगळेच. बसलिंगप्पा, केसरबाई, त्यांचा रुसलेला भाऊसुद्धा. फुलाबाईंना रिक्षातून आणलं होतं. सुंदरम्मांना तिथं ती मिक्सरवाली भेटली आणि दोघी दुसऱ्या दिवशी आपापली चटणी घेऊन आल्या. असं रोज चालू झालं.

गटावर आता एकच माणूस उरला होता. त्याला सायरन लिहायची सवय होती, म्हणून तो वाचला होता.

'नमस्कार मंडळी. सुखरूप पोचलो,' नागप्पानं सोमवारी लिहिलं. मंगळवारी लिहिलं, 'कुणी आहे का?' बुधवारी, 'पुण्यात आज ढग आहेत.' गुरुवारी, 'सगळे रागावलात काय? चूक झाली माझी. एकदा कबूल केली आहे.'

गाड्यावर बसून सगळ्यांनी ते वाचलं. वाचता येत होतं, उत्तर देता येत नव्हतं. "त्याला वाटत असंल, आपण वाळीत टाकला," असं म्हणून बसलिंगप्पांनी अर्धा चहा तसाच ठेवला. दिवसभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. बंदी तर आपल्याला आहे, आणि एकटा पडलाय तो.

शनिवारी सकाळी गाड्यासमोर रिक्षा थांबली आणि नागप्पा उतरला. हातात पिशवी, काखेत गुंडाळलेली चादर.

"काय बे, तू हितं कसा?" बसलिंगप्पा उठतच ओरडले.

"मलाबी बंदी झाली."

"तुला? तू तर सायरन लिवतोस की!"

"काल इचार केला, सगळे भोंगा म्हणूनच गेले असतील. मग मी पण लिवला. एकदाच. लगेच झाली." नागप्पानं पिशवी खाली ठेवली आणि बाकावर बसलेल्यांना सरका म्हणून हात केला.

"आन पोरगा सोडतोय बरा एकटा! त्याला काय सांगून आलास?"

"सांगितलं, बाबा, सात दिवसांची बंदी झालीय," नागप्पा म्हणाला, "आन ती सोलापुरातच भोगावी लागती."